बाहेरून आलेला माल

मामांनी पहिल्याच भेटीत माझ्याकडे गाडीचा नंबर मागितला.

मला कंपनीत लागून तीन दिवस झाले होते. कंपनी चाकणला, गाड्यांच्या सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट बनवणारी. माझं काम रिपोर्ट काढायचं. कोणत्या प्रेसवर किती नग निघाले, एका नगाला किती वेळ लागला (याला कारखान्यात सायकल टाइम म्हणतात), किती बाद झाले, का झाले. त्यासाठी मशीन रूममधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर मला एक लायब्ररी टाकून हवी होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. हे मी आमच्या मेहुणीला तीनदा समजावून सांगितलंय, आता चौथ्यांदा सांगतो. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळंच स्वतः लिहीत बसत नाही. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात बसून कुणीतरी लिहून ठेवलेला तयार तुकडा तो इंटरनेटवरून उचलतो आणि आपल्या कामात जोडतो. आपण गोडा मसाल्याचं पाकीट आणतो, तसंच. मेहुणी मसाला घरी कांडते, त्यामुळे हे उदाहरण तिला आजवर पटलेलं नाही.

तर मी मामांच्या टेबलापुढे उभा राहून म्हणालो, "मामा, एक छोटीशी लायब्ररी टाकायची होती."

त्यांनी ड्रॉवरमधून गुलाबी कागदांचं पॅड काढून माझ्याकडे सरकवलं. वर छापलं होतं, 'साहित्य आवक गेटपास'.

"भरा."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी भरायला घेतलं. साहित्याचे नाव, लिहिलं. कोठून आले, 'इंटरनेट' लिहिलं. त्यांनी पेन घेऊन ते खोडलं. "इंटरनेट म्हंजे रस्ता झाला. रस्त्यानं आलं ते समजलं. आलं कुनाकडनं?" ते मलाच माहीत नव्हतं. वजन. अडीच एमबी. माल परत जाणार का? नाही. वाहन क्रमांक.

"मामा, गाडी नाही हो. हे तारेतून येतं."

"मग डॅश मारा. रकाना मोकळा सोडायचा न्हाई."

मी डॅश मारला. त्यांनी कागद चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "न्हाई टाकता यायचं."

मामा म्हणजे कुणाचे मामा, हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. प्लांट हेडसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे. जवळच्याच एका गावचे. कंपनी उभी राहिली त्या वर्षी स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून लागले, मग स्टोअरकीपर झाले. पुढे स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आला आणि तो बसवणारा इंजिनिअर वर्षभरात दुसरीकडे गेला. मामा सांगायचे, "जाताना त्यानं मला चार कमांडी शिकवल्या. पाचवी मी त्याला फोनवर शिकवली." मी आलो तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं. मशीन रूमच्या थंडगार एसीत ते सेफ्टी शूज, स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेले असायचे. मे महिन्यात बाहेर आले की लोकांना वाटायचं, मामांना ताप आलाय.

मशीनबद्दलचं त्यांचं सगळं तत्त्वज्ञान स्टोअरमधूनच आलं होतं. आमच्या मशीनवर लिनक्स नावाची सिस्टीम होती. हिचं स्वतःचं एक भांडार असतं. हजारो तुकडे त्यात तपासून, एकमेकांशी जुळवून ठेवलेले असतात. एक हुकूम दिला की हवा तो माल येतो आणि जागेवर बसतो. अडचण एकच, तो जरा जुना असतो. दुसरी वाट म्हणजे मी ज्या पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहायचो तिचा स्वतःचा उघडा बाजार. सकाळी लिहिलेला माल तिथे दुपारी मिळतो. ताजा असतो, फडफडीत असतो, आणि तो कुणी तपासलाय का, ते विचारायचं नसतं.

मामा भांडाराचे. मी बाजाराचा. सहा महिने आमचं हेच भांडण.

"मामा, भांडारातला माल चार वर्षं जुना आहे."

"जुना हाय म्हंजे टिकलाय."

"अहो पण त्यात रंगीत आलेख निघत नाही."

"तुमच्या रंगानं प्रेस जास्ती नग काढनार हाय का?"

एकदा मी हट्टाने त्यांना दाखवलं की बाजारातून एक तुकडा किती सहज येतो. म्हणजे आणायचा नाही, फक्त काय काय येईल ते विचारायचं. मशीनने यादी दिली. मी मागितला होता एक, त्याच्या मागे आणखी सदतीस. मामांनी पडद्यावर बोट ठेवून सगळी नावं मोजली.

"एक नवरदेव बोलावला तर सदतीस वऱ्हाडी?"

"ते लागतात त्याला."

"ह्यो कोण?" त्यांनी मधल्याच एका नावावर बोट ठेवलं.

"माहीत नाही."

"आन ह्यो?"

"तोही माहीत नाही."

"तुमच्या घरात रातच्याला सदतीस अनोळखी मान्सं झोपाया आली, तर वहिनी काय म्हनतील?"

मी हे घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीकडचे आले होते ना दिवाळीत, तेव्हा काही म्हणाले का मी?" म्हणजे घरातूनही पाठिंबा नाही.

जेवणाचंही त्यांचं तसंच. कॅन्टीन सोडून दुसरं काही खायचे नाहीत. आमच्या कॅन्टीनची आमटी वर्षानुवर्षं तीच होती. मंगळवारची आणि शनिवारची आमटी डोळे मिटून ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं, अशी. आम्ही नावं ठेवायचो. मामा वाटी तोंडाला लावून प्यायचे आणि म्हणायचे, "चव न्हाई म्हनता. पोट बिघाडलं का कदी?" बिघडलं नव्हतं, हे मान्य करावं लागे.

आणि या अशा माणसाकडून आम्हाला सगळ्यांना रोज पहाटे पाच-चाळीसला फोनवर शुभ सकाळ यायची. चित्रासकट. गुलाब, दव, उगवता सूर्य, खाली सुविचार, आणि कोपऱ्यात त्या दिवशीची तारीख अन् प्रत्येकाचं नाव. बरं, चित्र रोज नवीन. एवढा उद्योग हा माणूस कधी आणि कशावर करतो, हे कोडं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "येतं आपोआप."

मामांच्या या कडकपणाला कारण होतं, हे मी आज कबूल करतो. त्या मशीनवर लेबलं छापली जात. ब्रॅकेटच्या प्रत्येक पेटीवर एक बारकोडचं लेबल. ते नसलं तर गिऱ्हाइकाच्या गेटवर माल उतरवून घेत नाहीत. माल उतरला नाही तर तिकडे गाड्या जोडायची लाइन थांबते. चाकणमध्ये माणूस आजारी पडला तर दोघं विचारतात. लाइन थांबली तर तीन राज्यांतून फोन येतात. मामा म्हणायचे, "माझ्या मशीनमागं रोज अकरा गाड्या उभ्या असत्यात. तुमच्या आलेखामागं कोन उभं हाय?"

माझ्या आलेखामागे मी उभा होतो, हे खरं उत्तर. माझी आधीची भोसरीची कंपनी बंद पडली होती. एकेचाळिसाव्या वर्षी मी परत सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, लागलो होतो. आमच्या चिखलीच्या सोसायटीत मी 'सॉफ्टवेअरमध्ये' असल्याचं सगळ्यांना सांगून टाकलं होतं; प्रोग्रॅमिंग मात्र मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो होतो, तेही जाहिराती न वगळता. बायकोने बजावलं होतं, "कायमचं पत्र हातात पडेपर्यंत कुणाला काही सांगू नका." सांगून झालं होतं. ते पत्र मिळायचं तर 'कायम करण्याबाबत अभिप्राय' नावाचा एक फॉर्म भरून एचआरला जावा लागे. तो भरणार कोण? ज्याच्या हाताखाली मी कागदोपत्री होतो तो. मामा.

फॉर्म जायचा होता एका शुक्रवारी संध्याकाळी. आणि त्याच आठवड्यात बुधवारी आळंदीला मामांच्या भाचीचं लग्न निघालं. म्हणजे कुणाचे तरी ते खरोखरच मामा होते!

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला मशीन रूममध्ये बोलावलं आणि एक पाकीट हातात दिलं. डिंकाने चिकटवलेलं, जोडावर आडवी सही.

"ह्याच्यात मशीनचा मोठा पासवर्ड हाय. आग लागली तरच फोडायचं."

"आग लागल्यावर पासवर्ड काय करू, मामा?"

"मशीन नीट बंद करायचं, मग पळायचं. नुसतं पळायचं न्हाई."

बुधवारी सकाळी आग लागली नाही. प्लांट हेड आले. शनिवारी गिऱ्हाइकाचे लोक यायचे होते, त्यांना दाखवायला बाद मालाचा आलेख हवा होता. "जरा झकास करा हो, रंगीबेरंगी. तुम्ही म्हणे पायथनवाले आहात." माणसाला चढवायला इतकं पुरे असतं, मला तर याच्या निम्मंही पुरतं.

साडेअकराला मी पाकीट उकळत्या चहाच्या वाफेवर धरलं. हे मी कुठे शिकलो ते विचारू नका, माझ्या थोरल्या वहिनीच्या वडिलांचं पत्र होतं आणि मी सातवीत होतो. पाकीट अलगद उघडलं. आत चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, मराठीत लिहिलेला पासवर्ड होता: मामालाविचारलंका.

तो मी टाइप केला. दोनदा. पहिल्यांदा चुकला.

आणि एका ओळीच्या हुकमाने बाजारातला ताजा माल थेट मशीनच्या पोटात ओतला. सदतीस वऱ्हाडी आले, बसले. त्यातल्या एकाने तिथे आधीपासून बसलेल्या एका जुन्या तुकड्याला उठवून त्याची जागा घेतली, असं काहीसं पडद्यावर सरकून गेलं. मी तिकडे पाहिलं नाही, मी आलेख बघत होतो. काय आलेख होता! हिरवा, निळा, मधे भगवी रेघ. प्लांट हेड "व्वा" म्हणाले. लेबलंही छापली जात होती. मी पाकीट परत चिकटवलं आणि मनात म्हटलं, बघा मामा, पडलं का आभाळ?

गुरुवारी कंपनीला साप्ताहिक सुट्टी. आभाळाने शुक्रवार धरला.

झालं होतं असं, की लेबलांचा प्रोग्रॅम बुधवारी चालूच होता. त्याने त्याचे जुने तुकडे सकाळीच उचलून घेतलेले होते, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. शुक्रवारी सकाळी पहिल्या शिफ्टला तो नव्याने सुरू झाला, नेहमीचा तुकडा शोधू लागला, तर जागेवर भलताच कुणी बसलेला. प्रोग्रॅम आडवा झाला. सातपासून एक लेबल निघालं नव्हतं. मी साडेनऊला बसमधून उतरलो तेव्हा गेटवर चार ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर बाकावर पाय पसरून पेपर वाचत होते. मी धावतच आत गेलो.

पॅकिंगमध्ये मात्र वेगळंच दृश्य. मामांनी लांब टेबलं जोडून पंधरा बायका ओळीने बसवल्या होत्या आणि त्या हाताने लेबलं लिहीत होत्या. गिऱ्हाइकाच्या गेटवर फोन करून त्यांनी एका दिवसापुरती हातलेबलाची परवानगी काढली होती. एवढा उरक त्या स्वेटरमध्ये असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मामा, आता आमीच प्रिंटर का वो?" पॅकिंगच्या सुमनताई ओरडल्या.

"व्हय. आन अक्षर असं काढा की गिऱ्हाइक म्हनलं, रोज हेच द्या."

"मग पगार बी प्रिंटरचा लावा! त्याला वर्साला नवं कव्हर घेता, आमाला एप्रन फाटकाच."

बायका हसल्या. मामाही हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या भाऊ. पाकीट द्या."

मी दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, जोडावरून अंगठा फिरवला आणि खिशात घातलं. आम्ही मशीन रूममध्ये गेलो.

त्यांनी भांडारातून जुना तुकडा परत मागवायचा हुकूम दिला, तर भांडाराचंच शटर उघडेना. कारण भांडार चालवणारा प्रोग्रॅमही त्याच तुकड्यावर उभा होता. मी एका फटक्यात लेबलवालाही पाडला होता आणि स्टोअरकीपरही. मामा खुर्चीत मागे रेलले आणि माझ्याकडे अगदी भोळ्या चेहऱ्याने पाहिलं.

"भाऊ, तुमी शिकलेले. असं आपोआप बदलतं का हो एखादं?"

मी म्हणालो, "कधी कधी... उष्णतेने."

"उष्णतेनं?"

"उन्हाळा आहे ना."

मामांनी कानटोपी नीट केली. एसीचा काटा अठरावर होता. "व्हय," ते म्हणाले, "ह्या वर्षी ऊन लई हाय."

मग त्यांनी लोखंडी कपाटातून सिस्टीमची मूळ सीडी काढली, तिच्यातून एकेक तुकडा हाताने काढून जागेवर बसवत गेले. मी शेजारी उभा राहून पाण्याचा ग्लास देत होतो. अकराच्या सुमाराला प्रिंटरने खर्र आवाज केला आणि लेबलांची पट्टी बाहेर आली. गाड्या हलल्या. कुठेही लाइन थांबली नाही. मला वाटलं, सुटलो.

साडेअकराला प्लांट हेडनी दोघांनाही बोलावलं.

"मामा, हे झालं कसं?"

"चूक माजी," मामा म्हणाले. "मशीन माज्या ताब्यात. मी सोडून गेलो."

"तुमच्या त्या भांडाराच्या शिस्तीचं काय मग? एवढं गेटपास-गेटपास करता, शेवटी बंद पडलंच ना." ते मनाने वाईट नव्हते, पण सकाळपासून फोन घेऊन घेऊन वैतागले होते. "मी ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून मशीन बाहेरच्या एजन्सीकडे देऊ. तुम्ही स्टोअरला परत जा. दोन-तीन वर्षं राहिलीत, आरामात काढा."

"बरं," मामा म्हणाले.

एवढंच. परत आल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कीबोर्ड पुसायला लागले. एकेक बटण, मधल्या फटी. पुसून झाल्यावर रुमाल झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागले. टेबलावर माझा फॉर्म पडला होता. वर माझं नाव, खाली अभिप्रायाचा रकाना कोरा.

पुढचे तास मी कसे काढले ते सांगतो. दोनदा वॉशरूमला गेलो. चार चहा घेतले. बोललो तर तो फॉर्म गेला, फॉर्म गेला तर नोकरी गेली, आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्यावर उत्तर द्यायचं. नाही बोललो तर मामांचं मशीन गेलं. मी स्वतःला सांगून पाहिलं की आरामात काढतील, बरंच आहे, त्या थंडीत तब्येतीला चांगलं नाही. हे सांगताना माझा मलाच राग आला, तरी पाचवा चहा घेतलाच.

अडीचला बायकोचा फोन. "पत्र मिळालं?"

"संध्याकाळी."

तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कुणाचं काय मोडलंत?"

लग्नाला सोळा वर्षं झाली की आवाजावरून कळतं म्हणे. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगून टाका आणि या घरी. पत्राचं नंतर बघू. मी तोवर वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगते की यांचं अजून ठरलेलं नाही." आणि फोन ठेवला.

सव्वातीनला मी मशीन रूमचं दार ढकललं.

"मामा, बुधवारी मी पाकीट फोडलं. बाहेरचा माल मी टाकला. उष्णता वगैरे काही नव्हती."

मामांनी घड्याळाकडे पाहिलं. "बसा," म्हणाले. मग ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी बुधवारी मशीनला दिलेला प्रत्येक हुकूम त्यावर ओळीने छापलेला होता, वेळेसकट. पासवर्ड पहिल्यांदा चुकला, तेसुद्धा.

"मशीन समदं लिहून ठेवतं, भाऊ. पाकीट बाकी लई छान चिकटवलं व्हतं."

"हे तुम्ही कधी काढलंत?"

"सकाळी सव्वानऊला."

म्हणजे उष्णतेच्या आधी! माझे कान तापले. "मग साहेबांना 'चूक माझी' का म्हणालात?"

"पासवर्ड कुनी दिला? मी. कुलूप माजं, किल्ली माजी. तुमचा फकस्त हात व्हता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आन तुमी बोलताय का न्हाई, त्ये बी बगायचं व्हतं. लई वाट बगाय लावलीत. मी तीन वाजता आशा सोडली व्हती."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"तर ह्या वयात स्टोअरात मोकळी हवा."

आम्ही प्लांट हेडकडे गेलो. मी सांगितलं, उभ्याउभ्या, एका दमात. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला, तेवढ्यात मामा मधे बोलले, "साहेब, रंगीत आलेख तुमाला पायजे व्हता. 'व्वा' म्हनालात म्हनं." साहेबांनी भिंतीवर लावलेल्या आलेखाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एजन्सीचं बघू नंतर," म्हणाले. ती एजन्सी पुढच्या आठवड्यात आली खरी. दोघे जण, गळ्यात पट्टे. आपलं सामान मशीनवर टाकायचंय म्हणाले. मामांनी गुलाबी पॅड पुढे सरकवलं. वाहन क्रमांकाच्या रकान्यापाशी त्यांचा धीर सुटला, आणि त्यांचं कोटेशन काही आलं नाही.

पण त्या दिवशी साहेबांच्या केबिनमधून परत आल्यावर मामांनी मला शेजारी बसवलं.

"रंगीत आलेख पायजेच ना तुमाला?"

मी मान खाली घातली.

"मग ऐका. कॅन्टीनच्या पातेल्यात आपल्या घरची आमटी वतायची न्हाई. दोनशे मान्सं जेवत्यात त्यातनं. आवडत नसंल तर डबा आना. आपला डबा, आपलं टेबल, आपन खायचं. बिघाडलं तर आपलंच पोट." आणि त्यांनी मला दाखवलं, की मशीनवर आपल्यापुरतं एक वेगळं घर कसं बांधायचं, बाजारातला सगळा ताजा माल तिथेच कसा ठेवायचा, म्हणजे मूळ सिस्टीमला धक्का लागत नाही. पाच मिनिटांचं काम. मी सहा महिने भांडलो होतो.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग मला सांगितलं का नाही कधी?"

"तुमी इचारलं का? तुमी आलात त्ये थेट पातेल्याशी."

बोलताबोलता त्यांच्या बोटांनी पडद्यावर त्यांचं स्वतःचं एक घर उघडलं. चुकून असावं, कारण त्यांनी झटकन बंद करायचा प्रयत्न केला. पण मी वाचलं. आत बाजारातले तुकडे होते, साठाच्या वर. चित्र काढणारे, अक्षरं वळवणारे, रंग मिसळणारे, फोनवर निरोप धाडणारे. आणि त्यांच्यामधे एक छोटा प्रोग्रॅम, रोज पहाटे पाच-चाळीसला आपोआप चालणारा. गुलाबांची एक वेगळी थैली होती.

"मामा! हे सगळे कोण?"

"डबा हाय माजा," मामा म्हणाले आणि कानटोपी खाली ओढली. "दुसऱ्याच्या डब्यात डोकावू नये."

"गेटपास कुठाय यांचे?"

"भरलेत." ड्रॉवर उघडून त्यांनी गुलाबी कागदांचा जाडजूड गठ्ठा दाखवला. सगळ्यांचे. प्रत्येकावर वाहन क्रमांकाच्या रकान्यात डॅश.

साडेपाचला त्यांनी माझा फॉर्म पुढे ओढला, माझ्याकडे पाठ केली आणि बराच वेळ लिहीत बसले. मग पाकिटात घातला, डिंक लावला, जोडावर सही केली आणि म्हणाले, "एचआरला नेऊन द्या. तुमीच."

मशीन रूमपासून एचआरपर्यंत तीन मिनिटं लागतात. मला दहा लागली. वाटेत चहाचं यंत्र होतं, त्यातून भरपूर वाफ येत होती. मी त्याच्याकडे न बघता पुढे गेलो. एवढं तरी मला जमलं, याची नोंद कुणी घेतली नाही म्हणून इथे करून ठेवतो.

एचआरच्या मॅडमनी पाकीट फोडलं. वाचलं. कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचलं. मग मला ऐकू जाईल असं वाचलं. मामांचं लिहिणं बोलण्यासारखं नव्हतं, स्टोअरच्या रजिस्टरसारखं शुद्ध होतं:

"काम येते. चूक करतात. चूक केल्यावर स्वतः येऊन सांगतात. त्यास सध्या सहा तास लागतात. वेळ कमी करता येईल. कायम करावे."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे सहा तास कसले?"

"सायकल टाइम आहे, मॅडम," मी म्हणालो.

चाकणमध्ये एवढं उत्तर पुरतं. त्यांनी मान डोलावली आणि शिक्का मारला.